काजूचा बोलपट्टा

दहाव्याला कावळा माझ्या मुलाच्या शब्दावर शिवला, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोटं आहे. मी तिथंच होतो आणि कुत्र्याची साखळी माझ्या हातात होती.

माझी बायको अलका गेली, त्याच्या दहाव्या दिवशी आम्ही कऱ्हाडला घाटावर बसलो होतो. ऊन वर आलं होतं. गुरुजींनी पिंड मांडून दिला होता आणि झाडावर पाच-सहा कावळे बसून नुसते बघत होते. मुलगा तन्मय ओल्या धोतरात हात जोडून उभा होता. अलकाचा धाकटा भाऊ उत्तम एकामागून एक वचनं देत होता. "अक्का, तुझ्या केतकीचं बाळंतपण आम्ही नीट करू." कावळा हलला नाही. "अक्का, तुझ्या तुळशीला पाणी घालायला माझी सून येईल." एका कावळ्यानं पंख झटकले आणि परत बसला. आमच्याकडं असंच करतात. मेलेल्या माणसाची कसली इच्छा राहिली असेल ते अंदाजानं बोलत जायचं. बरोबर बोललं की कावळा शिवतो अशी समजूत आहे. त्याला माझी हरकत नाही. कावळा बोलत तरी नाही.

काजू माझ्या पायाशी होता. काजू म्हणजे आमचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. गटाराकडेला सापडलेलं पिल्लू अलकानं पदरात बांधून आणलं आणि वाढवलं. घाटाची फरशी तापली होती. तो एक पाय उचलायचा, मग दुसरा. शेवटी वैतागून भुंकला आणि त्याच्या गळ्यातला पट्टा बोलला, "किती वेळ उन्हात बसवायचं माणसाला? काही कळतं का नाही?"

आवाज कंपनीचा होता, लहान मुलासारखा. पण वाक्य अलकाचं होतं. आमच्या लग्नाच्या मांडवापासून दवाखान्याबाहेरच्या बाकड्यापर्यंत ती हेच बोलत आली होती.

उत्तम मटकन काजूसमोर बसला. "अक्का?"

"अरे, पाय भाजतायत त्याचे," मी म्हणालो.

"दाजी, तुम्ही जरा गप्प बसा."

तन्मय वळला. पिंडाकडं नाही, कुत्र्याकडं. हात तसेच जोडलेले. म्हणाला, "आई, आप्पांची काळजी करू नको. मी त्यांना पुण्याला नेतो. इथलं घर ठेवत नाही. त्यांना एकटं राहू देत नाही."

मला त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात उत्तमनं खांद्यावरचा टॉवेल काढून झटकला. टॉवेल झटकलेला काजूला पिल्लू असल्यापासून चालत नाही. तो भुंकला. पट्टा म्हणाला, "आत्ता कसं शहाण्यासारखं बोललास."

बायका रडायला लागल्या. मी साखळी ओढली आणि काजूला घेऊन पायऱ्या चढून सावलीला आलो. आम्ही लांब गेलो तसा एक कावळा खाली उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली. कुत्रं बसलं होतं म्हणून कावळे येत नव्हते. कुत्रं उठलं म्हणून आले. शेंबडं पोरही सांगेल हे. पण खाली सगळे हात जोडून उभे होते आणि माझं घर विकलं गेलं होतं.

पट्टा आला त्याला वर्ष झालं. अलका अंथरुणाला खिळली तेव्हा तन्मयनं पुण्याहून पाठवला. आईला सोबत होईल म्हणाला. तोवर गावात बऱ्याच घरी हे पट्टे आले होते. कंपनीनं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलंय, पण लोक बोलपट्टाच म्हणतात. आमच्या गल्लीत त्यापायी एक लग्न मोडलं. पोरगा बघायला आला आणि पोरीकडचं कुत्रं म्हणालं, "हा माणूस मला पसंत नाही." कुत्रं अनोळखी माणसावर भुंकणारच. पण पूर्वी त्याला भुंकणं म्हणायचे.

पट्टा कसा चालतो ते मी वाचून घेतलंय. कुत्र्याच्या भुंकण्यात फरक असतो. अनोळखी माणूस आला की आवाज जाड आणि खरखरीत येतो, भुंकणं एकाला एक लागून येतं. एकटं पडलं की आवाज बारीक होतो आणि मध्ये मध्ये थांबतो. खेळातलं भुंकणं वेगळं, दुखण्यातलं वेगळं. पट्ट्यात बारका माईक आहे, छातीचे ठोके मोजणारी टिकली आहे आणि मान कशी, अंग कसं हलतंय ते समजणारा एक तुकडा आहे. भिंतीवर कॅमेरा लावायचा, तो शेपूट आणि कान बघतो. हे सगळं जुळवून कुत्र्याला भीती वाटतेय, भूक लागलीय, का बाहेर जायचंय, अशा आठ-दहा गोष्टी मशिनला कळतात. लाखो कुत्र्यांचे आवाज तपासून हे काढलंय आणि इथपर्यंत ते खरं आहे. त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही.

पण "भूक लागली" एवढंच दिवसभर ऐकायला कोण पैसे देईल? म्हणून पट्टा त्या आठ-दहा गोष्टींची वाक्यं करतो. आणि ती वाक्यं घरातल्यांसारखी वाटावीत म्हणून घरातलं बोलणं ऐकत राहतो. आमच्या घरात वर्षभर कोण बोललं? मी मुळात कमी बोलणारा. अलका पडून असायची आणि काजूशी बोलायची. पट्टा तिच्याकडून मराठी शिकला.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवर माईकसमोर बसून जन्म गेला. गाडी कुठं अडकलीय ते ठाऊक नसलं तरी "थोड्याच वेळात येत आहे" असं सांगायचं. लोक शांत बसतात. त्यामुळं नुसतं बोलायचं म्हणून केलेलं बोलणं मला ओळखता यायला पाहिजे होतं.

तेराव्यानंतर सगळे गेले. मी पिठलं-भात केला आणि ताट घेऊन बसलो. काजूची थाळी शेजारी ठेवली. त्यानं एक घास घेतला, सोडला, बारीक आवाज काढला. पट्टा म्हणाला, "जेवलात का?"

माझा हात तसाच राहिला. बाकी वाक्यं ती सगळ्यांना बोलायची. हे फक्त माझं होतं. ड्यूटीवर असलो तरी दुपारी फोन करून एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची.

"जेवतोय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. मी वेळेवर स्वयंपाक करायला लागलो. घाटावरच्या प्रकाराचा मला संताप होता, तन्मयचा फोन मी धड घेत नव्हतो, पण हे एक वाक्य मी ठेवून घेतलं. कुत्रं बोलतंय हे ठाऊक होतं. तरी म्हणायचो, "जेवलो गं."

केतकी, माझी मुलगी, जर्मनीत असते. पोटुशी आहे. डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटलं म्हणून आईच्या वेळेला येऊ शकली नाही. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. पहिले दोन दिवस माझी चौकशी केली. मग म्हणायला लागली, "आप्पा, काजूला समोर घ्या."

"आई, मी आले नाही म्हणून तू रागावलीस का?"

तिचा आवाज ऐकला की काजू शेपूट हलवून भुंकायचा. पट्टा म्हणायचा, "रागावून काय करू? तू सुखात राहा."

मग ती रडायची आणि फोन ठेवायची. झोप चांगली लागते म्हणाली.

उत्तम तर आठवड्यातनं दोनदा यायचा, बिस्किटाचा पुडा घेऊन. "अक्का, तुझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या? माझ्या सुनेला देऊ?" काजू बिस्किटाकडं बघून भुंकायचा. "द्या की, तिला बरं वाटेल." उत्तम माझ्याकडं बघायचा, बघा दाजी, मी म्हणत नाही. भुंकलं की बिस्किट मिळतं हे काजू शिकला. तो दिवसभर भुंकायला लागला. आवाज बसला त्याचा.

मग घर बघायला माणसं यायला लागली. तन्मयनं पुण्यात बसून ठरवलेलं. मी दारात उभा राहिलो, बसा म्हटलं नाही. काजू त्यांच्यावर दात दाखवून गुरगुरला. पट्टा म्हणाला, "बसा ना, चहा टाकते."

ती माणसं हसत हसत बसली. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या शब्दानं, ते घर विकत घ्यायला आलेली माणसं बसली आणि त्यांना चावायला निघालेलं कुत्रं मी साखळीला धरून उभा होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा पट्टा गटारात टाकावा. टाकला नाही. दुसऱ्या दिवशी परत जेवणाची वेळ येणार होती.

काजू वाळत चालला. थाळी तशीच राहायची. दुःख करतोय असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. एक दिवस त्याच्या फासळ्या हाताला लागल्या तेव्हा त्याला डॉक्टर शबाना मुजावरांकडं नेलं. जनावरांचा दवाखाना आहे त्यांचा, अलका काजूची इंजेक्शनं तिथंच करायची.

डॉक्टरीणबाईंनी आधी पट्टा काढून टेबलावर ठेवला. मग काजूचा जबडा उघडला आणि लगेच नाक मागं घेतलं. वास मलाही आला. मागची दाढ किडून गेली होती. हिरडी सुजून पू झाला होता.

"काका, महिना तरी झालाय याला. खाताना कळवळत नाही का तो?"

"नाही," मी म्हणालो. "खाताना तो बोलतो."

"काय बोलतो?"

मी सांगितलं. त्यांनी काजूला भुलीचं इंजेक्शन दिलं आणि तो निजेपर्यंत त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पट्ट्याला दुखणं कळतं, काका. चांगलं कळतं. पण वाक्य कुठलं बोलायचं ते तो माणसाकडं बघून ठरवतो. एखादं वाक्य बोलल्यावर तुम्ही हसलात, कुरवाळलंत, उत्तर दिलंत, की त्याच्या हिशेबी ते बरोबर. तुम्ही तोंड फिरवलंत, पट्टा बंद केलात, की चूक. चूक ते परत बोलत नाही. सुरुवातीला कधी 'दुखतंय' असं काही बोलला होता का?"

बोलला होता. तेराव्याच्या आधी, घर भरलेलं असताना. "बरं वाटत नाही," असं म्हणाला. तेही अलकाचंच वाक्य. फोनवर केतकी हुंदके देऊन रडायला लागली आणि तन्मयनं घाईनं पट्टा बंद केला, परत चालू केला. त्यानंतर तो तसं कधी म्हणाला नाही.

"मग त्यानं दुसरं वाक्य लावून पाहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवणाच्या वेळेला तुमच्या घरात जे जास्त बोललं जायचं ते. आणि तुम्ही उत्तर दिलंत."

म्हणजे रोज दुपारी कुत्रं मला सांगत होतं की दाढ दुखतेय, चावता येत नाही, आणि मी त्याच्या तोंडासमोर बसून म्हणत होतो, जेवलो गं.

दाढ काढेपर्यंत मी बाहेर बाकड्यावर बसलो आणि कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलली. फार गोड बोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आमचे बहुतेक ग्राहक पट्ट्यावर समाधानी आहेत."

"आणि कुत्री?"

"सॉरी, सर?"

"कुत्र्यांना विचारलंत का, ती समाधानी आहेत का?"

तिनं मला तक्रार क्रमांक दिला. मी तो लिहून घेतला नाही. मला राग आला होता. त्या मुलीवर नाही. ती पोटासाठी बोलत होती, मीही जन्मभर तेच केलं. राग याचा होता की ज्यानं कुणी हे बनवलं, त्याला दुखणं ऐकू येत होतं. ऐकू येऊन त्यानं ते गोड करून मला वाढलं, कारण मला गोड लागत होतं.

त्या रविवारी तन्मय आला, व्यवहाराचे कागद घेऊन. उत्तमला मीच बोलावलं होतं. केतकीला फोनवर घेतलं आणि फोन डब्याला टेकवून ठेवला. काजू मागच्या अंगणात होता, गळा मोकळा. पट्टा मी पाट्यावर ठेवला होता, वरवंट्याशेजारी.

मी सगळं सांगितलं. दाढ, पू, वाक्य. मग घाटावरचं सांगितलं.

"पाय भाजत होते म्हणून पहिल्यांदा भुंकला. उत्तमनं टॉवेल झटकला म्हणून दुसऱ्यांदा. यात अलका कुठंही नाही."

"आणि कावळा शिवला ते, दाजी?" उत्तम म्हणाला.

"कुत्रं उठलं."

"तुमचं म्हणजे ना दाजी, देवाधर्माचं काही नाहीच."

"देवाला मध्ये आणू नको. पाटल्या तुझ्या सुनेला द्यायच्यात ना? देतो. बिस्किटाची लाच नको."

तो ओशाळला. तन्मय पट्ट्याकडं बघत होता. मी वरवंटा उचलला तसा तो उठला आणि माझं मनगट धरलं.

"आप्पा, नका. आईची वाक्यं आहेत त्यात."

"वाक्यं मला पाठ आहेत," मी म्हणालो आणि हाणला. पहिल्या घावाला नुसता तडकला. दुसऱ्याला आतली हिरवी पट्टी बाहेर आली. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी घातला.

फोनमधून केतकीचा आवाज आला. शांत, आणि म्हणून जास्त वाईट. "आप्पा, ती मला म्हणाली होती, रागावले नाही."

"तुझी आई काही म्हणाली नाही, केतू. शेवटी तिला बोलताच येत नव्हतं. तुझ्याबद्दल काही म्हणाली नाही, तन्मयबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही. मी तिच्या तोंडाजवळ कान लावून बसलो होतो. काही तरी म्हणेल म्हणून. नाही म्हणाली. आपल्याला कुणालाच ती काही सांगून गेलेली नाही, आणि हे सोसत नाही म्हणून आपण एका मुक्या जनावराला तिच्या जागी बसवलं. त्याची दाढ सडली तरी बसवलं."

ती रडायला लागली. मी फोन बंद केला नाही. रडणं थांबल्यावर तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "काजू आता खातो का?"

"मऊ भात खातो."

तन्मयनं कागद काढून माझ्यापुढं ठेवले. सवयीनं म्हणाला, "पण आईला मी शब्द दिलाय."

"आईला नाही, कुत्र्याला दिलायस. आणि मी काही इस्टेटीतला दागिना नाही, कुत्र्याला विचारून कुणाला देऊन टाकायला. मी एकटा राहायला नको असं वाटत असेल तर तू म्हण. तुझ्या तोंडानं म्हण. आईच्या तोंडानं नको."

त्यानं मान खाली घातली. चाळिशीला आलेला माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी व्हायच्या तशा.

"मला भीती वाटते, आप्पा," तो म्हणाला. "तुम्ही फोन उचलला नाही की मी ऑफिसात बसू शकत नाही. आई गेली तेव्हा मी रस्त्यात होतो. तुमच्या वेळेलाही रस्त्यात असेन."

हे त्यानं घाटावर म्हटलं असतं तर मी कदाचित त्याच दिवशी बॅग भरली असती. आज मला ते शक्य नव्हतं. पण इतक्या दिवसांत या घरात पहिल्यांदा एका माणसानं दुसऱ्या माणसाला काहीतरी सांगितलं होतं.

"याला मी उत्तर देऊ शकतो," मी म्हणालो. "नाही येत. हे घर विकायचं नाही. फोन मात्र उचलत जाईन, रागात असलो तरी."

"रोज?"

"रोज. तूही कर मग. केतकीसारखं कुत्र्याला समोर घ्या म्हणू नको."

फोनमध्ये केतकी रडता रडता हसली. तन्मयनं कागद घडी करून खिशात घातले. फाडले नाहीत. तो माझाच मुलगा आहे.

तेवढ्यात अंगणात काजू भुंकला. आम्ही सगळ्यांनी एकदम तिकडं बघितलं आणि वाट बघत थांबलो. पुढं काही आलं नाही. तो परत भुंकला, दोनदा, मध्ये थांबून.

"काय म्हणतोय ओ?" उत्तमनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो आणि उठलो.

काजू कुंपणाशी उभा होता, कान ताठ करून. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि तो जिकडं बघत होता तिकडं बघायला लागलो.